काळा दोरा बघून दे

चावडीवर पंचांसमोर मी खोटं बोललो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, मालकांना नाही, देवासमोर उभं राहूनही नाही. खोटं एका वाक्याचं होतं. मी म्हणालो, "काळ्या दोऱ्याची बाटली अंगाला चोळायची, पोटात द्यायची नाही, असं मी हिला स्पष्ट सांगितलं होतं." तसं मी सांगितलं नव्हतं. त्या वाक्याने मी सुटलो आणि स्वतःच्या लेकीचा जीव घेतल्याचा ठपका एका आईच्या माथी बसला. तो आजही तिथेच आहे.

मी कंपौंडर. विशी ओलांडली तेव्हा पुण्याहून लोणावळ्याला आलो आणि बाजारातल्या औषधाच्या दुकानात कामाला लागलो. तेव्हापासून तिथेच आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. हवा खायला येणारे मुंबईचे बंगलेवाले, आणि मावळातल्या वाड्यावस्त्यांतून चिखल तुडवत येणारी माणसं. बंगलेवाल्यांना अत्तर, साबण, सोडा, डोकेदुखीच्या पुड्या लागत. वाडीवाल्यांना तापाचं, खोकल्याचं, आणि सर्वांत जास्त गुडघ्याला चोळायचं औषध. चार महिने ढोपरभर पाण्यात भात लावायचा, तर गुडघे शाबूत राहतील कसे?

मालक मुंबईला एका इंग्रजी औषधवाल्याच्या हाताखाली शिकून आलेले. बोलायला तिखट, हाताला नेमके. वजन दोनदा करायचं, दुसऱ्यांदा मापं बदलून. बाटली नवी असली तरी उकळत्या पाण्यातून काढायची. गिऱ्हाइकाने घरून आणलेली बाटली घ्यायची नाही. एकदा एकजण घासलेटची बाटली धुऊन घेऊन आला, तर म्हणाले, "ह्यात मिक्श्चर भरून दिलं तर पोराचा खोकला जाईल, पण रात्री पोरगं दिव्यासारखं पेटेल. चालेल का?" तो माणूस हसत हसत परत गेला आणि आमच्याकडची बाटली घ्यायला दुपारी पुन्हा आला.

पण त्यांचा खरा जीव होता तो खरबरीत बाटलीत. हिरव्या काचेची, सहा कडांची, अंगावर उभ्या रेघा उठलेली बाटली. चोळायचं किंवा जखमेला लावायचं, म्हणजे पोटात गेलं तर विष, असलं सगळं फक्त त्या बाटलीत. पिण्याचं औषध साध्या गुळगुळीत बाटलीत. ते म्हणत, "लेबल तुमच्या-माझ्यासाठी. ह्यांचे डोळे बोटांत आहेत." आणि प्रत्येक वाडीवाल्याकडून ते धडा म्हणून घेत, गल्ल्यापाशी सगळ्यांच्या देखत.

"डोळे मीट. हात लाव. कसं लागतंय?"

"खरबरीत, मालक."

"खरबरीत ते कुठं?"

"अंगाला."

"गुळगुळीत ते?"

"पोटात."

"पुन्हा सांग."

म्हातारी माणसं लाजायची, बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, पण पुन्हा सांगायच्या. एकदा एका बंगलेवालीने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमच्याकडे औषधाबरोबर शाळा फुकट दिसते." मला ते फार लागलं. मी परीक्षा दिलेला माणूस, आणि ह्या खेडुतांना डोळे मिटायला लावण्याच्या खेळात उभा. तेव्हापासून मालक दुकानात नसले की मी धडा घेत नसे. नुसती बाटली हातात देऊन म्हणे, "खरबरीत आहे, चोळायची." तेवढं पुरत होतं, कारण उरलेलं काम बाटली करायची.

मग लढाई आली. क्विनीन मिळेना, बुचं मिळेनात, आणि हिरव्या बाटल्या यायच्या थांबल्या. मुंबईचा व्यापारी लिहायचा, माल सरकारकडे जातो आहे. देहूरोडकडे लष्कराच्या मालगाड्या जात, त्या बघून मला वाटायचं, आमच्या बाटल्या ह्यातच असतील. त्याच सुमाराला मालकांना दम्याने धरलं. ते दुकानामागच्या खोलीत अंथरुणाला खिळले. शेवटच्या डझनातली बाटली गेली तेव्हा मी त्यांना विचारलं, आता काय करायचं?

"चोळायचं औषध विकायचं नाही," ते म्हणाले.

"लोक लांबून येतात, मालक."

"लांबून येतात म्हणूनच."

मी ऐकलं नाही. त्यामागे दया होती असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. थोडी असेलही. पण खरं म्हणजे मालक आत झोपलेले, दुकान माझ्या हातात, आणि मला काहीतरी स्वतःचं करून दाखवायचं होतं. प्रत्येक बाटलीच्या बुचावर कागद घालून आम्ही पांढरा दोरा बांधत असू. मी ठरवलं, चोळायच्या औषधाला काळा दोरा बांधायचा. काळं म्हणजे धोक्याचं. माझ्या डोक्यात ते इतकं सरळ होतं की दुसरं काही त्यात शिरलंच नाही. मालकांना मी हे सांगितलं नाही. ते बरे झाले की दाखवू, असं मनाशी ठेवलं. दाखवू, म्हणजे शाबासकी घेऊ.

पहिला आठवडा मी प्रत्येकाला पूर्ण सांगितलं. काळा दोरा ती चोळायची, पांढरा दोरा ती प्यायची, म्हण बघू. दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लावणं सुटलं. पुढे नुसतं "काळा दोरा चोळायचा" एवढंच राहिलं. आणि मग "दोरा बघ" एवढ्यावर आलं. काही बिघडलं नाही. काही बिघडत नाही म्हटल्यावर माणूस आणखी दोन शब्द कमी करतो.

श्रावणातला बाजाराचा दिवस होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोहगडाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली बाई आली. मळवलीपर्यंत डोंगर उतरून तिथून गाडीने आलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कडेवर तीन वर्षांची मुलगी. डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. एक सासऱ्याच्या गुडघ्यांसाठी, एक मुलीच्या खोकल्यासाठी. सासऱ्याचं औषध बचनागाचं, पोटात गेलं तर जीव घेणारं. त्याला कापराचा आणि क्लोरोफॉर्मचा वास. खोकल्याच्या मिक्श्चरमध्येही कापूर आणि क्लोरोफॉर्मचं पाणी. रंग दोन्हींचा तपकिरी. हिरवी बाटली होती तोवर ह्या सारखेपणाचा मला कधी विचारच करावा लागला नव्हता.

मी दोन्ही औषधं नीट बनवली. वजन दोनदा केलं. त्यात माझी चूक नव्हती, आणि हे मी अजूनही सांगतो ह्याची मला लाज वाटते. दोन सारख्या बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या, एकीला पांढरा दोरा, एकीला काळा. लेबलं होती. तिला वाचता येत नव्हतं.

ती म्हणाली, "भाऊ, आवशिदं दोन हायती. घोटाळा नगं व्हाया. पोरीचं कंचं?"

त्याच वेळी एक बंगलेवाले गृहस्थ छडीने गल्ल्यावर टकटक करत होते. "अहो कंपौंडर, माझी गाडी सुटेल. बांधताय की नाही?" मी त्यांचं पुडकं बांधत होतो. मान न वळवता मी तिला म्हणालो, "काळा दोरा बघून दे."

मला म्हणायचं होतं, काळा दोरा आहे ना ते नीट बघ आणि मग दुसरी दे. पण तिने विचारलं होतं, पोरीचं कोणतं. तिच्या प्रश्नाला माझं ते उत्तर होतं.

"काळा दोरा बगून दिते," तिने परत म्हटलं. मी ऐकलं. पोरीने दोऱ्याला हात लावला, आणि मी पाहिलं की तिच्या मनगटातही काळा दोरा होता, नजर लागू नये म्हणून बांधतात तो. पाहिलं, आणि पुडक्याची गाठ मारली. बाई म्हणाली, "दोरा तुमीच बांदला? लय ब्येस केलं, भाऊ." मला वाटलं, ही माझ्या युक्तीचं कौतुक करते आहे. मी छाती फुगवून म्हणालो, "मग काय!"

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलांचा माणूस दुकानात आला आणि मला वाडीत चला म्हणाला. वाटेत त्याने सांगितलं, पोरगी गेली. चोळायचं औषध पाजलं आईने. मी त्याच्यामागे चालत होतो आणि मला आठवत होती ती दोनच वाक्यं, तिचं आणि माझं. पण माझ्या मुलीचं, बायकोचं, नोकरीचं जे होईल ते मला जास्त स्पष्ट दिसत होतं. चावडी येईपर्यंत माझं वाक्य तयार झालं होतं.

चावडीत पाटील, एक जमादार आणि चार म्हातारे पंच. बाई खाली बसलेली. तिचा नवरा रेल्वेच्या रुळांवर गँगमन होता. तो भिंतीला टेकून उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. बाटली जमादाराच्या पुढ्यात. काळा दोरा तसाच होता, बुचाखाली गुंडाळून ठेवलेला. तिने तो जपला होता.

जमादार म्हणाला, "बोल, का पाजलंस?"

"भाऊनी सांगितलं. काळा दोरा बगून दे."

"आणि तू दिलंस?"

"व्हय. मला वाटलं, पोरीसाटी दोरा बांदलाय. नजर लागू नये म्हून. आवशिद लागू व्हावं म्हून."

एक पंच म्हणाला, "अगं, दुकानवाला काय देवऋषी हाय व्हय, दोरा बांदून द्याया?" सासू दारात उभी होती. ती ओरडली, "न्हाई न्हाई ती अवदसा अंगात हाय हिच्या. म्हाताऱ्याच्या मरनावर टपली व्हती, लेकरू मेलं."

जमादाराने माझ्याकडे बघितलं. मी माझं वाक्य बोललो. शुद्ध, सावकाश, शाळेतल्यासारखं. "काळ्या दोऱ्याची बाटली अंगाला चोळायची, पोटात द्यायची नाही, असं मी हिला स्पष्ट सांगितलं होतं." वर म्हणालो, "उलटं मी कसं सांगेन? मी परीक्षा दिलेला माणूस आहे."

ती बाई भांडली असती तर, मला वाटतं, मी मोडलो असतो. पण ती म्हणाली, "भाऊ म्हनत्यात तर तसंच आसंल. मलाच नीट ऐकाय आलं नसंल. लय गर्दी व्हती."

तिने स्वतःचे कान खोटे ठरवले आणि मला खरं केलं. कारण मी शिकलेला होतो. पंचांनी मान डोलावली. जमादाराने लिहून घेतलं, निष्काळजीपणाने आईच्या हातून. मी सही केली. निघताना पाटील मला म्हणाले, "तुमास्नी उगा तरास झाला, भाऊ. आडानी लोकं ही." आणि मला चहा पाजला. मी प्यायलो.

दुकानात आलो तर मालक अंथरुणावर बसून होते. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"हिरव्या बाटल्या संपल्यावर विकायचं नाही म्हणालो होतो."

"हो."

"दोरा कोणाच्या डोक्यातून निघाला?"

"माझ्या."

मग ते म्हणाले, "तुमच्या मुलीच्या कमरेला काय बांधलंय हो?"

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आणि तिच्या कमरेचा काळा दोरा माझ्या आईने बांधला होता. मालकांनी पुढे एवढंच विचारलं, "धडा म्हणून घेतलात तिच्याकडून?" मी म्हणालो, घेतला. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. चावडीवर मी काय बोललो ते त्यांनी विचारलं नाही. विषाचा परवाना त्यांच्या नावावर होता. त्यांना ऐकायचंच नव्हतं असं मी कित्येक दिवस धरून चाललो, कारण त्यामुळे मला ते थोडे माझ्यासारखे वाटायचे. थंडी संपायच्या आत ते गेले. दुकान त्यांच्या पुतण्याकडे आलं, आणि त्याला औषधातलं काही कळत नसल्यामुळे माझ्याकडेच राहिलं.

पुढे दोनएक वर्षांनी ती आली. मी ओळखलं नाही. दुपारची वेळ, दुकान रिकामं. ती पायरीवरच थांबली.

"काय पाहिजे, बाई?"

"आवशिद न्हाई पायजे, भाऊ. येक इचारायचंय."

मग मी ओळखलं. ती म्हणाली, "त्या दिशी तुमी मला काय म्हनला व्हता? शब्द. जसाच्या तसा. मी लय आटवती. माज्या कानात त्येच येतंय, काळा दोरा बगून दे. पर तुमी म्हनता तुमी तसं म्हनला न्हाई. मंग माज्या कानात कसं येतंय? मला येडबिड लागलंय का? तेवडं सांगा फकस्त. मी कुनाला सांगायची न्हाई."

मी कोणाला दिसत नव्हतो. जमादार नव्हता, पंच नव्हते, मालक नव्हते. तिला परवाना नको होता, माझी नोकरी नको होती. दोन शब्द हवे होते. मी म्हणालो, "आता कशाला ते, बाई. झालं ते झालं."

ती म्हणाली, "व्हय. झालं त्ये झालं." आणि पायरी उतरून गेली.

त्यानंतर लढाई संपली, स्वराज्य आलं. औषधांचा नवा कायदा अमलात आला. इन्स्पेक्टर आला. विषारी औषधांचं कपाट कुलपात आहे, नोंदवही चोख आहे, लाल अक्षरात 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' अशी लेबलं आहेत, हे बघून तो खूश झाला. हिरव्या बाटल्या पुन्हा मिळू लागल्या होत्या. त्याने विचारलं, "ह्या दुकानात कधी काही अपघात?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, अशी दुकानं पुण्यातही थोडी. पुतण्याने ते ऐकलं आणि येईल त्याला सांगत सुटला.

तिच्या वाडीतला एक म्हातारा अजून गुडघ्यांच्या औषधाला येतो. मी आपण होऊन कधी विचारत नाही, तोच सांगतो. तिच्या नवऱ्याने दुसरी केली. ती आंबीला भावाकडे राहते. भावाच्या शेतात राबते, धुणंभांडी करते, पण घरातल्या लेकरांच्या तोंडाला हात लावत नाही. "पोराला ताप आला," म्हातारा म्हणाला, "तर पानीबी दुसऱ्याच्या हातानं पाजाय लावती. म्हंती, माजं कान खोटं हायती." म्हाताऱ्याला ते विचित्र वाटलं म्हणून त्याने मला सांगितलं. मी त्याची बाटली बांधत होतो. मी म्हणालो, "असं होतं कधी कधी."

न जाण्याला माझ्याजवळ नेहमी कारणं होती. मालक आहेत तोवर नको, परवाना त्यांचा. मग माझं नाव परवान्यावर आलं, आता तर नकोच. मग मुलीचं लग्न व्हायचं होतं. ते गेल्या वर्षी झालं. आता एकही कारण उरलेलं नाही आणि मी अजून इथेच बसून लिहितो आहे. हे लिहिलं म्हणजे मी मोकळा झालो असं वाटायला लागलं होतं, म्हणून मुद्दाम सांगतो. तिला वाचता येत नाही. कोणी वाचून दाखवेल तर ते उपयोगाचं नाही. ते माझ्या तोंडून, तिच्या भावासमोर, तिच्या नवऱ्यासमोर आणि जमलं तर त्याच चावडीवर यायला हवं.

तिने नीट ऐकलं होतं, एवढं मी तिला सांगायचं बाकी आहे. तळेगावला उतरून आंबीपर्यंत चालत जाता येतं. मी अजून गेलेलो नाही.